सरकारी जमिनीचा ताबा : नांगर आधी की कागद आधी?

जमीन मिळणे आणि जमिनीत पाऊल टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने एकदा तरी कचेरीची पायरी झिजवली आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. खाजगी व्यवहारात खरेदीखत होते, पैसे मोजले जातात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विकणारा घेणाऱ्याला बांधावर नेऊन उभा करतो. पण विकणारे किंवा पट्ट्याने देणारे सरकार असेल तर मधला रस्ता लांब होतो. दरखास्त, चौकशी, हुकूम, रकमेचा भरणा, कबुलायत, मोजणी आणि सर्वांत शेवटी ताबा. यांतल्या कोणत्या पायरीवर जमीन आपली झाली म्हणायचे? हुकूम हातात पडला म्हणजे कुंपण घालावे काय? पैसे भरले म्हणजे पाया खणावा काय? आणि हुकूम येण्यापूर्वीच कोणी नांगर घातला असेल तर त्याला शेतकरी म्हणावे की अतिक्रमणदार?

हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. महसूल खात्याने पाहावा आणि वकिलांनी भांडावे, इतपतच त्याचे मोल आहे असे वाटते. परंतु महाराष्ट्राच्या गेल्या तीन-साडेतीनशे वर्षांच्या इतिहासात या एका प्रश्नाला वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर जमीन कोणाच्या हाती जाणार हेही ठरून गेले. म्हणून या प्रश्नाकडे कायद्याच्या पुस्तकातून न पाहता इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कौलाचा काळ

शिवकालात आणि त्यानंतरही पुष्कळ काळ या प्रदेशात जमिनीला तोटा नव्हता. तोटा होता तो ती कसणाऱ्या हातांचा. मोहिमा होत, दुष्काळ पडत, फौजा एखाद्या परगण्यातून जात आणि गावेच्या गावे उठून जात. मग काळी ओस पडे आणि पांढरीवर बाभळी उगवत. अशा स्थितीत राज्यकर्त्याला चिंता असे ती ओस जमिनीत कोण शिरले याची नव्हे, तर कोणी शिरतच नाही याची. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या मुलकी व्यवस्थेचे जे वर्णन आहे त्यात नव्या रयतेला गुरेढोरे द्यावी, बियाणे द्यावे, पोटाला दाणापैका द्यावा आणि तो ऐवज तिच्या ताकदीप्रमाणे दोन-चार वर्षांत उगवून घ्यावा, असा क्रम दिला आहे. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जमीन आधी, वर भांडवलही आधी, आणि सरकारचे येणे मागाहून.

या व्यवस्थेचा कागद म्हणजे कौल. कौल म्हणजे अभयही आणि करारही. अमुक गावी येऊन अमुक पड जमीन लावा, तुम्हाला उपद्रव लागणार नाही, आणि सारा इस्ताव्याने घेऊ, असे त्यात लिहिलेले असे. इस्तावा म्हणजे चढता सारा. पहिल्या वर्षी नाममात्र घ्यायचे, दुसऱ्या वर्षी थोडे अधिक, आणि अशा रीतीने काही वर्षांनी जमीन पूर्ण दराला आणायची. ज्याने रान मोडून शेत केले त्याच्या घामाची किंमत सरकार अशा रीतीने मान्य करीत असे. येथेही कागद नांगराच्या आधीच येई. पण तो कागद दार उघडून बोलावण्यासाठी होता, दारात उभे करण्यासाठी नव्हता.

दुसरा प्रकार मिराशीचा. एखादे घराणे निपुत्रिक झाले किंवा परागंदा झाले की त्याची जमीन गतकूळ ठरे. अशी जमीन मिराशीने कोणाला द्यायची असली तर पाटील आणि गावकरी मिळून मिरासपत्र करून देत. त्यात चतुःसीमा लिहिली जाई, बलुतेदारांची साक्ष पडे आणि पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी होई. हद्द कोठली याचा वाद पडला तर महाराचा शब्द प्रमाण मानीत, कारण गावाच्या शिवेची राखण त्याच्याकडे असे. म्हणजे ताबा ही चारचौघांदेखत घडणारी गोष्ट होती. ज्याला जमीन मिळाली त्याला ती मिळाल्याचे साऱ्या पांढरीला ठाऊक असे, आणि ते ठाऊक असणे हाच त्याच्या हक्काचा मोठा आधार होता.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ज्या महाराने शिवेचा दगड दाखवायचा त्याला त्या शिवेच्या आत मिराशीची जमीन मिळणे दुर्मीळ होते. त्याच्या वाट्याला वतनाची हाडोळी येई, आणि तिच्याबद्दल दिवसरात्र सरकारची व गावाची सेवा करावी लागे. मिरासदार गावाच्या बैठकीत बसे, उपरी कसत असला तरी बाहेरचाच राही. जमीन मुबलक असतानाही ती कोणी घ्यावी हे जात आणि मान पाहूनच ठरत होते. पुढच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

मोजणीचा दगड

१८१८ साली पेशवाई संपली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. नव्या सरकारला साऱ्याचा आकडा नक्की हवा होता. त्यासाठी प्रिंगल या अधिकाऱ्याने पहिली मोजणी केली. परंतु मोजणी चुकीची आणि आकार जड, यामुळे ती फसली. शेतकरी शेते सोडून निघून जाऊ लागले. तेव्हा १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा तरुण अधिकाऱ्यांनी नव्याने काम सुरू केले. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले, १८६५ साली तिला कायद्याचे रूप मिळाले आणि १८७९ साली मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा झाला.

या पद्धतीचे मर्म तिच्या सोपेपणात होते. प्रत्येक शेताला एक सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराचे ठरलेले क्षेत्र, त्यावर तीस वर्षे न बदलणारा आकार आणि कोपऱ्यावर हद्दीचा दगड. ज्याला शेत नको असेल त्याने राजीनामा द्यावा, ज्याला हवे असेल त्याने कबुलायत लिहून द्यावी. आकार हलका ठेवला तर पड जमीन आपोआप लागवडीस येईल, असा विंगेट यांचा विश्वास होता, आणि इंदापुरात तो पुष्कळसा खरा ठरला.

परंतु या सोपेपणाबरोबर एक मोठा बदल गुपचूप घडून आला. पूर्वी गावची पड गावाची की सरकारची, हा प्रश्न कोणी काटेकोरपणे विचारीत नसे. गुरे तेथे चरत, सरपण तेथून येई, कोणी कौल घेऊन एखादा तुकडा मोडी. आता साऱ्या शिवाराची यादी झाली, आणि त्या यादीत ज्या तुकड्यापुढे कोणाचे नाव नाही तो तुकडा सरकारचा ठरला. १८७९ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमाने रस्ते, नदीनाले आणि दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही अशी सर्व जमीन सरकारची असल्याचे सांगून टाकले. ३८ व्या कलमाने त्यांतली काही गायरानासाठी, काही अन्य सार्वजनिक कामासाठी राखून ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. गायराने जंगलखात्याने गिळली आणि गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, अशी तक्रार महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली, तिची मुळे या बदलात आहेत.

आता ताब्याच्या प्रश्नाकडे येऊ. याच कायद्याच्या ६० व्या कलमाने सांगितले की, ज्याला पड सरकारी जमीन घ्यावयाची असेल त्याने तिच्यात शिरण्यापूर्वी मामलतदाराची किंवा महालकऱ्याची लेखी परवानगी मिळवली पाहिजे. ‘पूर्वी’ आणि ‘लेखी’ हे दोन शब्द या कलमाचे प्राण होत. पुढच्या ६१ व्या कलमात परवानगीशिवाय शिरणाऱ्याची गत सांगितली आहे. त्याने जितका काळ जमीन वापरली तितक्या काळाचा आकार भरावा, वर दंड भरावा; कलेक्टरने त्याला सरसकट बाहेर काढावे आणि उभे पीकही सरकारजमा करता यावे. ६२ व्या कलमाने सरकारला किंमत घेऊन आणि अटी घालून जमीन देण्याची मुभा ठेवली.

हा नियम अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. एकाच तुकड्यावर दोघांची नजर असेल तर आधी कोण हे ठरविण्यास काही तरी खूण लागते. ती खूण लाठी असण्यापेक्षा कागद असणे केव्हाही बरे. गावाचे गायरान, पाणवठा, रस्ता यांवर कोणी नांगर फिरवू नये यासाठीही आधी विचारणे जरूर आहे. पण नियमाची एक बाजू लिहिली गेली आणि दुसरी कोरीच राहिली. रयतेने परवानगीच्या आधी शिरू नये असे कलमात आहे. मामलतदाराने किती दिवसांत परवानगी द्यावी किंवा नाकारावी, हे त्या कलमात नाही. कायद्याने नागरिकाला ‘आधी नको’ म्हटले, सरकारला ‘यापुढे उशीर नको’ असे म्हटले नाही. या विषयाच्या पुढच्या सर्व इतिहासाला याच त्रुटीची किनार आहे.

खेड्यात तिचा अर्थ काय होई तो पाहा. दरखास्त मामलतदाराकडे जायची, तेथून अहवालासाठी पाटील-कुळकर्ण्यांकडे यायची. ज्याचे कुळकर्ण्याशी बरे त्याचा अहवाल लवकर निघे. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याला चावडीच्या पायरीशीच उभे राहावे लागते, त्याची दरखास्त कोणत्या बस्त्यात पडली हे त्याला कोण सांगणार? मृग कचेरीच्या शेऱ्याची वाट पाहत नाही. पेरा साधायचा तर नांगर कागदाच्या पुढे न्यावा लागतो, आणि तो नेला की माणूस गुन्हेगार होतो.

१९०१ चा वाद

१८७६ पासूनचा दुष्काळ आणि नंतर शतकाच्या अखेरीस लागोपाठ आलेले दोन दुष्काळ यांनी दख्खनचा शेतकरी मोडून पडला. साऱ्याची बाकी थकली. कायद्याप्रमाणे थकबाकीदाराची जमीन सरकारजमा होऊ शकते. मग अशी जमीन परत कोणाला व कशी द्यावी, हा प्रश्न उभा राहिला. सरकारचे म्हणणे असे की, जमीन पूर्वीसारखी मोकळी दिली तर ती चार वर्षांत सावकाराच्या घशात जाईल. म्हणून ती देतानाच विकण्याची व गहाण टाकण्याची बंदी घालावी. यासाठी १९०१ साली जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मुंबई कायदे कौन्सिलापुढे आले.

हेतू दिसायला चांगला होता. १८७५ साली सुप्याला सावकारांच्या दप्तरांची होळी झाली होती. तिची आठवण ताजी होती. तरीही सर फिरोजशहा मेहता, नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी यांनी बिलाला कसून विरोध केला. हस्तांतराचा हक्क काढून घेतला की रयतेची पतच नाहीशी होईल, आणि परत मिळालेली जमीन तिची न राहता तिला सरकारचे कूळ होऊन राहावे लागेल, असा त्यांचा आक्षेप होता. ऑगस्ट १९०१ मध्ये पुण्यास भरलेल्या बैठकीत बिल पुढे ढकलण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हा मेहता, गोखले आणि आणखी काही सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. बिल अर्थातच मंजूर झाले.

ताब्याच्या इतिहासात या कायद्याचे महत्त्व मोठे आहे. जमिनीत केव्हा शिरावे एवढेच नव्हे, तर शिरल्यावर किती काळ आणि कोणत्या अटीवर राहावे, हेही परवानगीच्याच कागदात लिहिण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आज गावोगाव जिला ‘नव्या शर्तीची जमीन’ म्हणतात ती याच वंशातली. कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. १९०१ सालच्या दोन्ही पक्षांचे म्हणणे काही अंशी खरे ठरले असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते. नव्या शर्तीने पुष्कळ गरिबांची जमीन टिकली. आणि नव्या शर्तीमुळेच पुष्कळ गरिबांना अडीअडचणीत त्या जमिनीवर कर्ज मिळाले नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली, तेव्हा पड सरकारी जमिनी एकसाली लावणीने देण्यात आल्या. एकसाली म्हणजे एका वर्षापुरता ताबा. यंदा नांगरा, काढणी झाली की हक्क संपला; पुढच्या वर्षी पुन्हा दरखास्त. दगडगोटे वेचून, बांध घालून जमीन सुधारायला दहा वर्षे लागतात, आणि ताबा मात्र एका वर्षाचा. इस्ताव्याच्या काळाशी तुलना केली तर सरकार किती सावध आणि रयत किती पोरकी झाली होती हे दिसून येते.

वतनाची जमीन

स्वातंत्र्यानंतर ताब्याचा प्रश्न एका नव्या रूपात पुढे आला. महार वतन म्हणजे वेठीचा दस्तऐवज आहे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणून सांगितले होते. तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. सेवेचे जोखड गेले ही गोष्ट मोठीच झाली. पण वतन रद्द होताच वतनाची जमीन कायद्याने सरकारजमा झाली, आणि ती वतनदाराला परत मिळण्यासाठी पूर्ण आकाराच्या तिपटीइतकी कब्जेहक्काची रक्कम ठरल्या मुदतीत सरकारात भरावी अशी तरतूद झाली.

रक्कम मोठी नव्हती. पण तिच्यामागचा अर्थ पाहा. ज्या हाडोळीत एका घराण्याच्या सात पिढ्या राबल्या त्या हाडोळीत ते घराणे कायद्याच्या दृष्टीने नव्याने शिरणार होते. मुदतीत पैसे भरले तर ते भोगवटादार. न भरले तर त्याच जमिनीत ते विनापरवाना बसलेले, आणि म्हणून बाहेर काढण्यास पात्र. ज्याला नोटीस वाचता आली नाही, किंवा भाऊबंदांत रक्कम कोणी भरायची हे ठरले नाही, तो न हलता, न काही करता, एका तारखेनंतर परका ठरू शकत होता. ताब्याची तारीख ही किती धारदार गोष्ट आहे याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

गायरान आणि भूमिहीन

याच सुमारास कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा प्रश्न हाती घेतला. १९५९ साली खानदेश, नाशिक आणि मराठवाडा या भागांत सत्याग्रह झाला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. त्यात तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेल्याचे चळवळीच्या इतिहासात नमूद आहे. मागणी साधी होती. सरकारजवळ पड जमीन आहे, आमच्याजवळ हात आहेत. ती आम्हाला द्या, आणि जी आम्ही आधीच कसत आहोत ती आमच्या नावे करा.

मराठवाड्यात या प्रश्नाची धार अधिक होती. निजामी अमलात तेथे १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा होता. परवानगीशिवाय केलेल्या लागवडीला तेथे ‘शिवाय जमाबंदी’ म्हणत. तिच्यावर दंडासह आकार वसूल होई आणि माणूस पुष्कळदा तेथेच राही. म्हणजे सरकार दरवर्षी त्याच्याकडून पैसे घेई, पावती देई, आणि तरी जमीन त्याची म्हणत नसे. पिढीजात भूमिहीन असलेल्या माणसाच्या हाती अशा पावत्यांची चवड साठे. तीच त्याची सनद.

१९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला आणि पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा या तिन्ही भागांतले तीन वेगळे कायदे जाऊन एक कायदा झाला. त्यातही मूळ तत्त्व १८७९ चेच आहे. पड जमीन कलेक्टरने अटींवर द्यावी, पट्ट्याने द्यावी. विनापरवाना शिरणाऱ्याला ५० व्या कलमाखाली काढावे. मात्र लगेच पुढच्या ५१ व्या कलमाने, अतिक्रमण करणाऱ्याची इच्छा असल्यास, वाढीव किंमत व वाढीव आकार घेऊन ते नियमित करण्याची वाटही ठेवली. १९७१ साली सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे नियम झाले.

पुढे सरकारने तारखांच्या रेषा आखल्या. ३१ मार्च १९७८ पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे पात्र भूमिहीनांच्या नावे करावी असा एक निर्णय झाला. १९९१ च्या नोव्हेंबरात दुसरा निर्णय होऊन ही रेषा १४ एप्रिल १९९० पर्यंत, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीच्या आरंभापर्यंत पुढे आली. वनहक्कांच्या २००६ च्या केंद्रीय कायद्यात अशीच १३ डिसेंबर २००५ ही रेषा आहे. येथे १८७९ चा नियम बरोबर उलटा झाला. पूर्वी म्हणत होते, कागदाच्या आधी शिरलास तर हक्क नाही. आता म्हणू लागले, अमुक दिवसाच्या आधी शिरला असशील तरच हक्क. पण तो शिरला होता हे सिद्ध कशाने करायचे? पुन्हा कागदानेच. गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद असेल, दंडाची पावती असेल, तर ठीक. ज्याला तलाठ्याने कधी दंडच केला नाही, त्याचा प्रामाणिकपणा वा त्याचे नशीब त्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागले!

क्रम का हवा?

येवढे वाचून कोणी म्हणेल, मग कागदाचे हे स्तोम मोडूनच टाकावे आणि कसेल त्याची जमीन म्हणावे. पण इतिहास तसे म्हणू देत नाही. मोकळ्या जमिनीत आधी शिरतो तो नेहमी गरीबच असतो असे नाही. ज्याच्याजवळ ट्रॅक्टर, माणसे आणि चावडीत वजन आहे तो दहा गरिबांच्या आधी शिरतो. गावोगावची गायराने, तळ्यांच्या जागा, पाणंदी अशा रीतीने गेल्या. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत, पंजाबातील एका गावतळ्याच्या खटल्यात, गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना सर्व राज्यांनी कराव्या असे सांगितले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही गायरानाच्या वाटपावर कडक निर्बंध घातले. त्याच निकालात भूमिहीनांना सरकारी अधिसूचनेने पट्टे दिलेल्या जागांसारखे अपवाद ठेवले आहेत, हेही विसरू नये. गायरान वाचवणे आणि भूमिहीनाला वाचवणे ही दोन्ही कामे खरी आहेत.

शहरात राहणाऱ्यांनीही हा खेड्यातला प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. गृहनिर्माण संस्थेला, शाळेला, वाचनालयाला सरकारी भूखंड मिळतो तेव्हा हाच क्रम लागू असतो. हुकूमात अटी असतात, रक्कम भरायची असते, करारनामा करायचा असतो, मोजणी होऊन हद्दी कायम व्हायच्या असतात, आणि मग ताबेपावती होते. उतावळेपणाने हुकूमाच्या जोरावर पाया खणणाऱ्या संस्था पुढे मोजणीत शेजाऱ्याच्या हद्दीत निघाल्या तर दोष कोणाला द्यायचा? रक्कम भरण्यापूर्वी ताबा दिला तर रक्कम वसूल होत नाही. मोजणीपूर्वी दिला तर भांडणे मिटत नाहीत. करारापूर्वी दिला तर अटी कोणी पाळीत नाही. प्रत्येक पायरीमागे कोणत्या तरी जुन्या भांडणाचा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. खाजगी जमिनीत बारा वर्षे उघडपणे, मालकाच्या विरुद्ध ताबा ठेवला तर मालकाचा दावा बुडतो हे बहुतेकांना ठाऊक असते. सरकारच्या बाबतीत ही मुदत पूर्वी साठ वर्षे होती. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ती तीस वर्षे केली. म्हणजे वेळेचे भान सरकारलाही ठेवावे लागते, हे तत्त्व आपल्या कायद्याने एका ठिकाणी तरी मान्य केलेले आहे. ते तत्त्व जमीन देण्याच्या बाबतीतही का लागू करू नये?

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष माझ्या मते एवढाच आहे. ‘नांगर आधी की कागद आधी’ हा वाद खऱ्या अर्थाने नांगराचा व कागदाचा नाहीच. तो वेळेचा आहे. कौलाच्या काळी सरकारला घाई होती, म्हणून कागद शेतकऱ्याच्या आधी त्याच्या दारी जाई. मोजणीनंतर घाई फक्त शेतकऱ्याला उरली, आणि कागद कचेरीत निवांत राहिला. जेथे परवानगी लवकर मिळते तेथे ‘आधी शिरू नको’ हा नियम सर्वांचे रक्षण करतो. जेथे ती पिढ्यान् पिढ्या मिळत नाही तेथे तोच नियम दुबळ्याला गुन्हेगार ठरवतो आणि बळवंताला वाट काढायला सवड देतो.

ताबा केव्हा घ्यावा, याचे कायदेशीर उत्तर आजही १८७९ चेच आहे : हुकूम, भरणा, करार आणि मोजणी झाल्यावर, त्यापूर्वी नव्हे. नागरिकाने ते पाळलेच पाहिजे. पण त्या उत्तराची कोरी राहिलेली दुसरी बाजूही लिहिली गेली पाहिजे : दरखास्त आल्यापासून अमुक दिवसांत होय किंवा नाही सांगू, पैसे घेतल्यापासून अमुक दिवसांत मोजून देऊ, आणि मिरासपत्राच्या काळी होई त्याप्रमाणे साऱ्या गावादेखत, हद्दीच्या दगडापाशी उभे करून ताबा देऊ. पूर्वी तो दगड ज्याने दाखवायचा त्याला आत जागा नसे. आता तरी दगडाच्या आतली जागा त्याला वेळेवर मिळाली, तर नांगर आणि कागद एकाच दिवशी शेतात पोहोचतील.